‘जवळ’ म्हणजे किती? : स्टेशनाशेजारचे टॉवर आणि चालणारा माणूस



आजचा विषय मी संयोजकांना कळवला, तेव्हा त्यांनी फोनवर जरा थांबून विचारलं, “सर, आपल्या तळोद्यात ना मेट्रो, ना टॉवर. लोकांना काय सांगणार?” प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आपल्याच पुलापासून सुरुवात करतो.

तापीवर हातोड्याचा पूल नव्हता, तेव्हा नंदुरबारला जायला आपण प्रकाशावरून वळसा घालून जात होतो. पूल झाला आणि नंदुरबार ‘जवळ आलं’. आता बघा, तळोदं जागचं हललं नाही, नंदुरबारही हललं नाही. नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर दोन्ही गावांमधलं अंतर आजोबांच्या वेळी होतं तेवढंच आज आहे. मग जवळ आलं ते काय? आज मला एवढ्याच एका शब्दाची चिकित्सा करायची आहे. ‘जवळ’.

आपल्याकडे वैशेषिक दर्शनानं या शब्दाचा फार बारकाईनं विचार केला आहे. त्यांच्या गुणांच्या यादीत ‘परत्व’ आणि ‘अपरत्व’ असे दोन गुण येतात, म्हणजे लांबपणा आणि जवळपणा. पण रंग वस्तूत असतो तसा जवळपणा वस्तूत नुसता पडलेला नसतो. तो ठरायला अपेक्षाबुद्धी लागते. कोणाच्या अपेक्षेनं जवळ, हे सांगावं लागतं. आणि मधे किती संयोग आहेत, थोडे की फार, त्यावर ते ठरतं. सोप्या मराठीत सांगायचं तर ‘कोणाला जवळ?’ आणि ‘मधे काय आहे?’ हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय ‘जवळ’ या शब्दाला अर्थ येत नाही. मी पुढे जी टीका करणार आहे, तिचा सगळा आधार हे दोन प्रश्न आहेत.

आता पुण्याकडे वळू. तिथल्या नियमांनुसार मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत बांधकाम असेल, तर वाढीव चटईक्षेत्र मिळतं, चारपर्यंत. म्हणजे भूखंड जेवढा, त्याच्या चौपट बांधकाम. यामागचा विचार मला मान्य आहे, हे आधीच सांगतो, नाहीतर बाहेर गेल्यावर कोणी म्हणेल की म्हातारा टॉवरच्या विरोधात बोलला. माणसं स्टेशनाजवळ राहिली तर गाडी काढणार नाहीत, रस्त्यावरची गर्दी कमी होईल, धूर कमी होईल. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचा गाभाही हाच आहे, की रस्त्याचा विचार वाहनांसाठी न करता माणसांसाठी करायचा. तेव्हा पूर्वपक्ष चांगला आहे. मी भांडतोय ते त्यातल्या ‘५०० मीटर’शी.

हे ५०० मीटर मोजतात कसे? स्टेशनवर कंपासचं टोक रोवायचं आणि वर्तुळ काढायचं. त्रिज्या! कावळा उडेल ते अंतर. पण चटईक्षेत्र मिळतं ते या कारणानं की इथला माणूस स्टेशनापर्यंत *चालत* जाईल. म्हणजे हेतू चालण्याचा आणि माप उडण्याचं. न्यायशास्त्रात याला हेत्वाभास म्हणतात. हेतूसारखं दिसतं, पण साध्य सिद्ध करत नाही. वर्तुळात आहे म्हणून चालता येईल, असा नियम कुठे आहे? वर्तुळाच्या आत नाला असेल, रेल्वेचा रूळ असेल, सहा पदरी रस्ता असेल, आणि सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे संकुलाचीच भिंत असेल.

घरचंच उदाहरण देतो. मुलगा पुण्यात अशाच एका उंच इमारतीत राहतो. अकराव्या मजल्याच्या गॅलरीतून स्टेशन असं दिसतं, की हाक मारली तर तिकीट देणारा वळून बघेल. (हशा) गेल्या हिवाळ्यात मी म्हटलं, चालत जाऊन मेट्रोनं फिरून येऊ. स्टेशनाच्या बाजूला संकुलाला फाटकच नाही, भिंत आहे. फाटक पलीकडच्या बाजूला. बाहेर पडलो तर फुटपाथवर आधी ट्रान्सफॉर्मर, मग मोटारसायकली, मग संकुलात गाड्या शिरायला केलेला उतार. तिथे फुटपाथच कापलेला. चौकात रस्ता ओलांडायला सिग्नल होता, पण माझ्या गुडघ्यांना त्याची सेकंदं पुरेनात. मी दुभाजकावर उभा राहिलो. स्टेशनावर पोचायला मला बावीस मिनिटं लागली. सून म्हणाली, “बाबा, आम्ही पण रिक्षानंच जातो.” आता सांगा, हे घर स्टेशनाजवळ आहे का? कंपासला जवळ आहे. सुनेला नाही, मला तर नाहीच.

इथपर्यंत ही फक्त गैरसोय वाटेल. म्हणून आता मुंबईला जाऊ, कारण तिथे या शब्दाची किंमत माणसांनी जिवानं मोजली आहे.

गिरणगाव आपल्या सर्वांना ऐकून माहीत आहे. खानदेशातले लोक कामाला सुरतेकडे गेले, तसे कोकण-घाटावरचे लोक परळ, लालबागला गेले. बहुतेक गिरणी कामगार चाळीत राहायचा आणि भोंगा झाला की चालत गिरणीत जायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यानंतर ते जगच संपलं. मागे राहिली सुमारे ६०० एकर जमीन, शहराच्या मध्यात, मध्य आणि पश्चिम अशा दोन रेल्वेमार्गांच्या कुशीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनं त्या जमिनीची तीन वाटण्यांत विभागणी सांगितली : मोकळी जागा, परवडणारी घरं आणि मालक. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं सांगितलं, की एकेक गिरणी सुटी न बघता सगळ्याचा एकत्रित आराखडा करा. २००१ मध्ये नियम बदलला. विभागणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली, म्हणजे वाट्याला येणारी जागा फारच आकसली. प्रकरण न्यायालयात गेलं, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम ठेवला. मग एकेक गिरणी सुटीसुटीच विकसित होत गेली. प्रत्येकाचं कुंपण वेगळं, प्रत्येकाचं फाटक वेगळं.

इथे एक गोष्ट घडली, तिच्याकडे नीट बघा. पूर्वी माणसं तिथेच राहून तिथेच काम करत होती. आता कार्यालयं आली आणि माणसं विरार, कल्याण, पनवेलहून येऊ लागली. सगळी एकाच वेळी, सकाळी नऊ-दहाला. काचेच्या इमारतींच्या जाहिराती सांगत होत्या, ‘स्टेशनपासून काही मिनिटांवर’. आणि या नव्या जगाला स्टेशनशी जोडणारा धागा कोणता? एल्फिन्स्टन रोड आणि परळ या दोन स्टेशनांमधला जुना अरुंद पादचारी पूल आणि त्याचा जिना.

२९ सप्टेंबर २०१७. दसऱ्याचा आदला दिवस. सकाळी साडेदहाच्या सुमारास पाऊस आला. उतरलेले लोक आडोशाला जिन्यावर थांबले, मागून गाड्या येतच होत्या. चेंगराचेंगरी झाली. २३ माणसं गेली. कामाला निघालेली माणसं होती ती.

रेल्वेच्या चौकशीत कारणं पुढे आली ती अचानक आलेला पाऊस आणि गर्दी. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला इथे थांबावंसं वाटतं. मुंबईत सप्टेंबरात पाऊस पडणं हे कारण म्हणायचं का? ते निमित्त आहे. गर्दी हे कारण म्हणायचं, तर गर्दी कोणी केली? ज्यानं वर मजल्यांना परवानगी दिली, त्यानं खाली जिन्यावर माणसं वाढवली. प्रत्येक मजला मंजूर होतो, तेव्हा तेवढे पायही मंजूर होत असतात. मजल्याचा हिशेब नकाशावर चौरस मीटरमध्ये लिहिला गेला, पायांचा कुठेच लिहिला गेला नाही. परवानगी महापालिकेची, जिना रेल्वेचा, रस्त्यावरचा स्कायवॉक आणखी तिसऱ्या प्राधिकरणाचा. मधली वाट कोणाचीच नाही. रुंद पूल कागदावर मंजूर झालेला होता, उभा राहिला नव्हता. दुर्घटनेनंतर लष्कराला बोलावलं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये नवा पूल खुला झाला. साधारण चार महिन्यांत! अशक्य होतं म्हणून झालं नव्हतं, असं आता कोणाला म्हणता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल, “पण नंतर सुविधा केल्या की. लोकच वापरत नाहीत.” हा आक्षेप मी हलका मानत नाही. पुरावा म्हणून वांद्रे-कुर्ला संकुल दाखवतात. तिथे २०११ च्या सुमारास सायकलींसाठी वेगळा मार्ग केला. त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या, सायकली दिसेनात, आणि २०२४ मध्ये तो मार्ग काढून मोटारींसाठी रस्ता रुंद करायचं ठरलं. बघा, म्हणतात, लोकांना सायकल नकोच आहे.

मी विचारतो, तो मार्ग कुठून कुठे जात होता? संकुलाच्या आत होता. पण माणूस येतो वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनवरून. स्टेशन ते संकुल या मधल्या धकाधकीत सायकलवाल्याचं कोण होतं? विहिरीला दोर अर्धाच सोडला आणि घागर रिकामी आली, तर पाणी नाही असं म्हणायचं का? वांद्र्याहून कलानगरपर्यंत २००८ मध्ये स्कायवॉक झाला, त्याचीही तीच गत. चालणाऱ्याला दोन जिने चढवून वर पाठवलं, म्हणजे खालचा रस्ता मोटारींना मोकळा. २०१९ मध्ये तो धोकादायक म्हणून बंद झाला. स्कायवॉकवर माझी टीका ही नाही की तो वाईट बांधला. माझी टीका ही, की त्यानं प्रश्नच उलटा मांडला. रस्ता कोणाचा, यावर त्याचं उत्तर होतं : तुझा नाही, तू वर जा. म्हातारा, गरोदर बाई, हातात ओझं असलेला हमाल, चाकाच्या खुर्चीवरचा माणूस, यांच्यापुढे जिना ही भिंतच असते.

मग काय करावं? मी अभियंता नाही, पण तर्क सरळ आहे. ज्या कारणानं वाढीव चटईक्षेत्र देता, त्याच कारणानं ते मोजा. ५०० मीटर पायांनी मोजा, फाटकापासून फलाटापर्यंत. स्टेशनाच्या बाजूला सर्वांसाठी खुली वाट सोडली नसेल, तर ती इमारत स्टेशनाजवळ नाही असं माना. भारतीय रस्ते काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की फुटपाथ अडथळ्याविना किमान १.८ मीटर रुंद हवा. तेवढा तरी सलग असू द्या. आणि वाट आधी, भोगवटा प्रमाणपत्र नंतर.

आता संयोजकांच्या प्रश्नाकडे परत येतो. तळोद्याला काय त्याचं?

मानव विकास कार्यक्रमातून आपल्या भागातल्या मुलींना सायकली मिळाल्या. फार चांगली गोष्ट झाली. पण सकाळी शाळेच्या वेळी अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर उभं राहा. त्या पोरी उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि ट्रक यांच्यामधून जीव मुठीत धरून जातात. सायकल दिली, वाट दिली नाही. गावाबाहेर बिनशेती प्लॉट पडतायत, फलकावर लिहिलेलं असतं ‘बसस्टँडजवळ’. मधे नाला, त्यावर फरशी नाही, पावसाळ्यात वळसा. परळचीच चूक, आकार लहान. आणि लहान असते तेव्हाच ती दुरुस्त होते, कारण अजून भिंती उठलेल्या नाहीत.

सातपुड्यातली पायवाट कोणी एकट्यानं आखलेली नसते. जिथे पाय जायला तयार असतात, तिथे ती पडते. त्याचं उगाच कौतुक करत नाही, त्या वाटेवरून आजारी माणसाला झोळीत घालून आणावं लागतं, हे आपण पाहिलंय. पण आखणाऱ्यानं पायांना विचारावं, एवढं तिच्याकडून घेण्यासारखं आहे.

गावाचा प्रारूप विकास आराखडा निघतो, तेव्हा हरकती आणि सूचना मागवतात. आपण बहुतेक जण आपल्या सातबाऱ्यावर आरक्षण पडलंय का, तेवढं बघून घरी येतो. पुढच्या वेळी नकाशा बघाल, तेव्हा एक गोष्ट आणखी करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आणि सगळ्यात लहान पोरीला घेऊन त्या नकाशातल्या वाटेनं बसस्टँडपर्यंत चालत जा. जिथे थांबावं लागेल, तिथे खूण करा आणि ती हरकत म्हणून लिहून द्या. मी माझ्या गल्लीपासून सुरू केलंय, पहिला अर्ज या आठवड्यात देतोय. ज्यांना सोबत यायचंय त्यांनी सांगा. फक्त सावकाश चालावं लागेल, माझे गुडघे बरोबर असतील.