दोन नकारांची गोष्ट

फराळाचे ताट समोर असता तुरुंगातून सुटलेल्या मुलाची कथा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु दिवाळी म्हणजे घरी परतणे, आणि जॉन ओकाडा यांची ‘नो-नो बॉय’ (१९५७) ही कादंबरी घरी परतण्याचीच आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. शब्दकोश मांडीवर घेऊन ती वाचली.

१९४२ साली अमेरिकेने पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाची सुमारे १,२०,००० माणसे छावण्यांत कोंडली. त्यांतील दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होती. १९४३ साली त्यांना विचारण्यात आले : सैन्यात जाल काय? जपानच्या सम्राटाची निष्ठा सोडाल काय? दोहोंना ‘नाही’ म्हणणाऱ्यांवरून पुस्तकाचे नाव आले. नायक इचिरोचा नकार मात्र सैन्यभरतीचा. दोन वर्षे छावणी, दोन वर्षे तुरुंग भोगून तो सिएटलला बापाच्या किराणा दुकानात परततो. युद्धात पाय गमावलेला केन्जी व तो, आपल्या दुःखांची अदलाबदल करावी काय, याचा हिशोब मांडतात. तो प्रसंग मोठ्या लेखकाचा आहे.

आईचे चित्र मात्र मला खटकले. जपानच जिंकला, असे ती धरून बसते. बहिणीच्या पत्रातील, दोघींनाच ठाऊक असलेली खूण पटते तेव्हा ती खचते व अखेर जीव देते. ओकाडा तिच्या वेडावर संतापतात, पण तिच्या मनात शिरत नाहीत. तिच्या पिढीला १९५२ च्या कायद्यापर्यंत अमेरिकेचे नागरिक होताच येत नव्हते. त्या कायद्यानेही जपानमधून वर्षाला १८५ जणांनाच वाट दिली. जिला हा देश आपली म्हणेना, तिने तो देशही सोडला तर ती कोणाची?

तथापि माझा हा आक्षेप मलाच बोचतो. पुढची कादंबरी ओकाडा त्या पहिल्या पिढीवरच लिहीत होते. १९७१ साली ते वारले, तोवर ‘नो-नो बॉय’च्या १,५०० प्रतीही खपल्या नव्हत्या. नव्या कादंबरीचे कागद पत्नीने जाळून टाकले. आईची बाजू लिहिली जात होती. ऐकणारे कोणी नव्हते. १९७६ साली पहिले पुस्तक पुन्हा छापले गेले. १९८८ साली सरकारने क्षमा मागून हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर देऊ केले. तोवर तिच्या पिढीतील बहुतेक आया निघून गेल्या होत्या.

वर्गात उत्तर चुकले की मी मुलाला उभे करीत असे. आता आधी माझा प्रश्न तपासून पाहतो.