धानोऱ्याचा वाचक आणि नवी कादंबरी

धानोरा तालुक्यातील वाचकाला केवळ अरण्यचित्रण करणाऱ्या कादंबऱ्या सुचविणे हा त्याच्या रसिकतेचा संकोच होय. याच तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने अभ्यासगटांत विचार करून सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत रुजविली आणि २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविले. अशा वाचकापुढे प्रकाराने भिन्न, परंतु ‘निर्णय कोणाचा?’ या एकाच प्रश्नाशी भिडणाऱ्या कृती ठेवणे उचित ठरेल.

विलास मनोहर यांची काहीशी आधीची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही वास्तववादी कादंबरी माडिया तरुणाची कोंडी दाखविते. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’मध्ये (साहित्य अकादेमी पुरस्कार, २०२३) विस्थापित माणूस आणि मागे राहून रानटी झालेली म्हैस यांचा संघर्ष रूपकाची पातळी गाठतो. नंदा खरे यांची ‘उद्या’ ही बाजार व पाळत यांनी ग्रासलेल्या समाजाची भविष्यकथा आहे.

तिन्ही कृती निःसंशय वाचनीय आहेत. मात्र तिन्हींत माणसावर निर्णय बाहेरून लादला जातो. सभेत बसून तर्क करणारा, नकार देणारा आणि नियम घडविणारा आदिवासी नायक मराठी कादंबरीला अद्याप पुरता गवसलेला नाही. ही उणीव धानोऱ्याच्या वाचकाइतकी अचूक क्वचितच कोणी ओळखील.