एक पद, दोन चाली: ‘कट्यार’मधील एका रचनेविषयी

‘कट्यार काळजात घुसली’ ह्या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७ रोजी झाला. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. खाँसाहेबांची भूमिका गाजविणाऱ्या वसंतराव देशपांडे ह्यांचे आरंभीचे शिक्षणही नागपुरासच, शंकरराव सप्रे ह्यांच्यापाशी झालेले. तेव्हा येथे बसून ह्या नाटकाविषयी लिहिताना आपलेपणा आड येतो, हे आधीच कबूल केलेले बरे. मात्र प्रस्तुत टिपणाचा विषय नाटक नसून त्यातील जितेंद्र अभिषेकी ह्यांची एक रचना हा आहे.

‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद अभिषेकींनी दोन रागांत बांधले. पंडित भानुशंकरांची चाल सालगवराळीत आहे, खाँसाहेबांची धानीत. हा भेद केवळ विलंबित व द्रुत असा नव्हे. दोन्ही रागांत षड्ज, कोमल गंधार, पंचम व कोमल निषाद हे चार स्वर समान आहेत. त्यांत कोमल ऋषभ व शुद्ध धैवत मिळविले की सालगवराळी होते. ते दोन्ही गाळून शुद्ध मध्यम घेतला की धानी. (धानीत अल्प ऋषभ घेणारेही आहेत; तो वाद येथे नको.) सालगवराळीच्या पूर्वांगात तोडीची छाया पडते, परंतु मध्यम नसल्यामुळे गंधारावरून पंचमास एकदम जावे लागते आणि पुढे तोडीच्या अपेक्षेने बसलेल्या श्रोत्यास शुद्ध धैवत भेटतो. धानीत हे अंतर मध्यमाने बुजते. म्हणूनच तानेला तेथे मोकळे अंगण मिळते.

पंडितजींची चाल म्हणजे साधना व खाँसाहेबांची म्हणजे चमत्कृती, अशी वाटणी पुष्कळदा केली जाते. ती आम्हांस मान्य नाही. सालगवराळीत शब्द स्वरावर विसावतो, धानीत तो तानेस उडी मारावयास फळी देतो. दोन्ही ठिकाणी शब्दाचा मान राखलेला आहे. नाटकातील पात्रे परस्परांशी भांडतात. रचनाकाराने मात्र कोणाचाच पक्ष घेतलेला नाही. म्हणूनच एकच चाल सुटी गायिली म्हणजे रचना निम्मी होते. मैफलीत बहुधा धानीच निवडली जाते, कारण टाळी तेथे हमखास मिळते.

धंतोलीतील एका घरगुती बैठकीत एका तरुण गायकाने दोन्ही चाली लागोपाठ म्हटल्या. धानी आधी, सालगवराळी नंतर. क्रम उलटा होता, तरी परिणाम विलक्षण झाला. दुसऱ्या चालीच्या आरंभी पेटीवाल्याचे बोट सवयीने मध्यमावर पडले. गायकाने किंचित मागे वळून पाहिले. तो स्वर पुन्हा लागला नाही.