‘सारखा’ आणि ‘तोच’ : एक अर्थविचार

‘सारखा’ या शब्दाचा अर्थ ‘सदृश, समान, एकरूप’ असा पर्यायांची माळ ओवून देण्याचा प्रघात आहे. परंतु हे पर्याय एका मापाचे नाहीत, आणि त्यांतील भेद बुजला म्हणजे वाङ्मयविचारातही घोटाळा उत्पन्न होतो.

संस्कृत सदृक्ष, प्राकृत सरिक्ख, प्राचीन मराठी सारिखा आणि आजचा सारखा, अशी या शब्दाची परंपरा आहे. मुळात दृश् हा धातू असल्यामुळे वस्तू कशी दिसते एवढेच तो सांगतो. ती कोणती आहे हे सांगत नाही. ‘दोघे भाऊ सारखे दिसतात’ या वाक्यात भाऊ दोन आहेत हे गृहीतच असते. ‘कालचाच माणूस आला’ याऐवजी ‘कालच्यासारखा माणूस आला’ असे म्हणताच माणूस बदलतो. ‘मनासारखे झाले’ येथेही मन आणि घटना ही दोन राहतातच. मम्मटाने उपमेच्या लक्षणात साधर्म्याबरोबर भेदाचीही अट घातली, ती याच जाणिवेने होय. ‘त्याच्यासारखा तोच’ हा वाक्प्रचार अपवाद भासतो. वस्तुतः ‘सारखा’ दुसऱ्याची अपेक्षा करतो, तो दुसरा सापडत नाही, आणि म्हणूनच येथे अनन्वय साधतो.

हा विवेक किती आवश्यक आहे, हे वाशीमच्या उदाहरणावरून दिसते. राजशेखराने ‘कर्पूरमंजरी’च्या आरंभी वच्छोमी, मागधी व पांचाली या रीतींचा उल्लेख केला आहे; ‘काव्यमीमांसे’त मात्र वैदर्भी, गौडी व पांचाली ही नावे येतात. वच्छोमी हे नाव वत्सगुल्मावरून, म्हणजे आजच्या वाशीमवरून पडलेले आहे. काव्यपुरुष व साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातील याच नगरात झाल्याचे राजशेखर सांगतो. तेव्हा वच्छोमीला ‘वैदर्भीसारखी रीती’ म्हणणे म्हणजे एका रीतीच्या दोन करणे होय. ती वैदर्भीच आहे, भेद केवळ नावाचा आहे. मागधी व गौडी यांविषयी मात्र इतके निःशंक विधान करता येत नाही. मगध आणि गौड हे देशच भिन्न असल्यामुळे तेथे ‘सारखी’ हाच शब्द अधिक सावध ठरतो.

याच्या उलट प्रकारही वाशीमनेच दाखविला आहे. तेथे 1939 साली उजेडात आलेल्या वाकाटक ताम्रपटातील विंध्यशक्ती हा सर्वसेनाचा पुत्र आहे. वंशाचा मूळपुरुष विंध्यशक्ती तो नव्हे. येथे नाव तेच, व्यक्ती मात्र भिन्न.

सारांश, नाव वेगळे म्हणून वस्तू वेगळी ठरत नाही आणि नाव एक म्हणून वस्तू एक ठरत नाही. ‘सारखा’ हा शब्द निर्णय देत नाही, तो तुलनेचा आरंभ करून देतो. निर्णय ‘तोच’ या शब्दाने द्यावयाचा असतो, आणि त्यासाठी दिसण्यापलीकडचे प्रमाण लागते.