उपग्रहीय निरीक्षणांचे वाटप : ‘भेदभावविरहित’ ह्या शब्दाची चिकित्सा

पृथ्वीचे निरीक्षण करणाऱ्या उपग्रहांनी गोळा केलेली सामग्री कोणास, केव्हा व कोणत्या अटींवर मिळावी, ह्या प्रश्नाची चर्चा बहुधा दोन शब्दप्रयोगांभोवती फिरत राहिली आहे. पूर्वी ‘भेदभावविरहित उपलब्धता’ हा शब्दप्रयोग प्रमाण मानला जाई. आता ‘मुक्त डेटा’ हा त्याच्या जागी आला आहे. दोन्ही शब्द कानास न्याय्य वाटतात, आणि म्हणूनच त्यांची फारशी चिकित्सा होत नाही. प्रस्तुत लेखात आमचे म्हणणे एवढेच आहे की, वाटपाचा नियम हा केवळ वाटपाचा नियम नसतो. संग्रहात काय येणार व काय कायमचे राहून जाणार, हेही तोच ठरवितो. ह्या दृष्टीने पाहिले असता वरील दोन्ही शब्द अपुरे ठरतात.

प्रथम मूळ वचनाकडे वळू. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ३ डिसेंबर १९८६ रोजी दूरसंवेदनाविषयी पंधरा तत्त्वे संमत केली. त्यांमागे दीर्घकालीन वाद होता. आपल्या भूमीचे निरीक्षण आपल्या पूर्वसंमतीवाचून होऊ नये, असा अनेक विकसनशील राष्ट्रांचा आग्रह होता. उपग्रह बाळगणाऱ्या राष्ट्रांना तो मान्य नव्हता. अखेर पूर्वसंमतीची अट गळली, व तिच्या मोबदल्यात बाराव्या तत्त्वाने निरीक्षित राष्ट्रास आपल्या भूमीविषयीची सामग्री, ती तयार होताच, भेदभावाविना आणि वाजवी मूल्यात मिळण्याचा हक्क दिला. तडजोड म्हणून हे तत्त्व मोलाचे आहे, ह्यात शंका नाही. तथापि त्यातील तीन उणिवा लक्षात घ्यावयास हव्यात. हा हक्क राष्ट्राचा आहे, अभ्यासकाचा नव्हे. ‘वाजवी’ म्हणजे किती, हे त्यात सांगितलेले नाही. आणि तिसरी उणीव सर्वांत गंभीर आहे : तयार झालेल्या सामग्रीविषयी हे तत्त्व बोलते, कोणती सामग्री तयार व्हावी, ह्याविषयी ते मौन पाळते.

ह्या मौनाची किंमत काय असते, ते लँडसॅटच्या इतिहासावरून दिसते. अमेरिकेने ह्या मालेतील पहिला उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी सोडला. पुढे १९८४ साली कायदा करून ह्या प्रतिमांची विक्री खाजगी व्यवसायाकडे सोपविण्यात आली, आणि १९८५ पासून इओसॅट ह्या कंपनीने ते काम हाती घेतले. विशेष हे की, ह्या कायद्यातही मूळ सामग्री सर्वांना भेदभावाविना मिळावी, असे स्पष्ट कलम होते. ते पाळलेही गेले. एका प्रतिमेची किंमत ४,००० डॉलरांच्या वर गेली. परंतु ती तेलकंपनीस व विद्यापीठातील विद्यार्थ्यास सारखीच होती! विकत घेतलेली प्रतिमा दुसऱ्यास देण्यावरही निर्बंध होते. भेदभाव नव्हता, आणि प्रवेशही नव्हता. समान दर म्हणजे समान संधी, हे समीकरण ज्यांना सहज वाटते त्यांनी हे उदाहरण विसरू नये.

परंतु महागाई हा ह्या व्यवस्थेचा लहान दोष होय. किमती पुढे उतरतात. आणि आज न घेतलेली प्रतिमा उद्या घेता येत असती, तर झालेले नुकसान भरूनही निघाले असते. तसे होत नाही. विक्री हाच हेतू ठरल्यामुळे, ज्या भूभागाच्या प्रतिमेस गिऱ्हाईक दिसत नव्हते त्यावरून उपग्रह जात असूनही पुष्कळदा प्रतिमा टिपल्याच गेल्या नाहीत. ह्याचा परिणाम असा की, जगातील अनेक प्रदेशांच्या त्या काळातील नोंदीत खंड पडले आहेत. गिऱ्हाईक नसलेला प्रदेश म्हणजे अभ्यासण्याजोगे काही नसलेला प्रदेश नव्हे. बहुधा तो केवळ गरिबांचा प्रदेश असतो. त्या जंगलांची, नदीपात्रांची व शेतांची १९८५ किंवा १९८८ सालची अवस्था आता कोणत्याही मोलाने विकत मिळणार नाही.

बाजाराने निदान उपग्रहांचा खर्च तरी उचलला काय? तेही झाले नाही. १९८९ साली पैशांअभावी कार्यरत लँडसॅट उपग्रह बंद करण्याची पाळी आली होती; ऐनवेळी निधी मिळाल्याने ती टळली. १९९२ साली नव्या कायद्याने हे धोरण मागे घेण्यात आले व पुढील सामग्री केवळ ती पुरविण्याच्या खर्चात द्यावी, असे ठरले. १९९९ साली सोडलेल्या लँडसॅट-७ च्या प्रतिमेची किंमत ६०० डॉलर झाली. २००८ साली संपूर्ण संग्रह विनामूल्य करण्याचा निर्णय झाला. विक्रीच्या काळातील उत्तम वर्षी, म्हणजे २००१ साली, सुमारे २५,००० प्रतिमा वितरित झाल्या होत्या. विनामूल्य झाल्यावर पहिल्याच पूर्ण वर्षात हा आकडा दहा लाखांच्या पुढे गेला. मागणी नव्हती असे नव्हे. ती दाराबाहेर उभी होती.

येथपर्यंतचा इतिहास वाचून ‘मुक्त डेटा’ ह्या घोषणेत प्रश्नाचे उत्तर सापडले असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः येथे प्रश्नाचे रूप तेवढे बदलते. युरोपीय संघाच्या कोपर्निकस योजनेतील सेंटिनेल उपग्रहांची सामग्री आरंभापासून विनामूल्य आहे. तरीही तिच्या जुन्या वितरणकेंद्रावर एका वापरकर्त्यास एका वेळी दोनच संच उतरवून घेता येत, आणि जुने संच मागणी नोंदवून मागवावे लागत. हे केंद्र २०२३ साली बंद होऊन त्याची जागा नव्या व्यवस्थेने घेतली. ह्या मर्यादा कोणी दुष्टाव्याने घातल्या नव्हत्या. असंख्य वाचक एकाच दाराशी आले म्हणजे रांग लावावीच लागते. पण रांग हाही एक वाटपाचा नियमच होय. शेकडो मेगाबाईटांचा एक संच, असे संच शेकड्यांनी उतरवून घेणारा संपन्न संस्थेतील संशोधक आणि तालुक्याच्या महाविद्यालयातील अध्यापक हे ह्या रांगेत सारखे उभे असले, तरी सारखे पुढे सरकत नाहीत.

आपल्या देशाची धोरणे ह्या कसोटीवर कशी उतरतात? २००१ सालच्या दूरसंवेदन सामग्री धोरणाने ५.८ मीटरपर्यंतची सामग्री भेदभावाविना देण्याचे मान्य केले. त्याहून सूक्ष्म सामग्रीस छाननी लागू झाली. २०११ साली ही मर्यादा १ मीटरवर आली. २०२३ च्या भारतीय अंतराळ धोरणाने ५ मीटर व त्याहून स्थूल विभेदनक्षमतेची सामग्री सर्वांस विनामूल्य खुली करण्याचे तत्त्व स्वीकारले. ही वाटचाल निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु तीनही वेळा प्रवेशाचे माप मीटरांत घेतले गेले, हे नजरेआड करता येत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने मीटर हे योग्य माप असेल. अभ्यासाच्या दृष्टीने ते गौण आहे. भूजल, पीक किंवा पडीक जमीन ह्यांच्या अभ्यासकास एका मीटरची एक प्रतिमा नको असते. तीस मीटरच्या, पण तीस वर्षांच्या अखंड प्रतिमा हव्या असतात. त्याचे माप काळ हे आहे.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर हा भेद अधिकच ठसठशीत होतो. खरिपाचे पीक उभे असते तेव्हा आकाश ढगाळ असते. दर सोळा दिवसांनी येणारा लँडसॅट उपग्रह जून ते सप्टेंबर ह्या काळात एखाद्या ठिकाणावरून जेमतेम सात-आठ वेळा जातो, आणि त्यांपैकी किती वेळा जमीन दिसेल, हे पावसाच्या मर्जीवर अवलंबून. अशा प्रदेशात निरीक्षणाची एक फेरी चुकली म्हणजे एका हंगामाची साक्ष चुकते. ढगांतून पाहू शकणाऱ्या रडार उपग्रहांमुळे ही अडचण कमी झाली आहे, तरी मागील दशकांची उणीव त्यांनी भरून येत नाही.

आपत्तीच्या प्रसंगी प्रवेशाचे संयोजन किती चांगले होऊ शकते, ह्याचे उदाहरण आपणांपुढे आहे. युरोपीय व फ्रेंच अंतराळसंस्थांच्या पुढाकाराने साकारलेली आंतरराष्ट्रीय आपत्तिसनद १ नोव्हेंबर २००० रोजी अमलात आली; इस्रो २००१ साली तीत सामील झाली. अधिकृत संस्थेकडून हाक येताच सदस्य संस्था आपापले उपग्रह त्या भागाकडे वळवितात व सामग्री विनामूल्य देतात. येथे पैसा वा ओळख नव्हे, तर निकड क्रम ठरविते. मात्र पूर, भूकंप, चक्रीवादळ अशा आकस्मिक संकटांसाठीच ही सनद आहे. दुष्काळ तिच्या कक्षेबाहेर आहे. हे अनाकलनीय नाही, कारण दुष्काळाला नेमकी घटिका नसते. पण मराठवाड्याच्या दृष्टीने ह्याचा अर्थ इतकाच की, जे संकट सावकाश येते त्याच्यासाठी तातडीची व्यवस्था नाही; संग्रह हाच एक आधार आहे. पहिला लँडसॅट उपग्रह आकाशात गेला त्याच १९७२ साली महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता. त्या दुष्काळाची आजच्या दुष्काळाशी तुलना करावयाची, तर मधल्या पन्नास वर्षांत कोणी काय टिपले व काय जपले, ह्यावरच ती अवलंबून राहणार.

जपण्याचा प्रश्नही साधा नाही. लँडसॅटची सामग्री नव्या पद्धतीने संस्कारित होऊन २०२० साली दुसऱ्या संचयाच्या रूपाने आली, आणि २०२२ च्या अखेरीस पहिला संचय वितरणातून काढण्यात आला. नवा संचय अधिक अचूक आहे. परंतु जुन्यावर बेतलेला प्रबंध जसाच्या तसा पडताळून पाहण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली. प्रवेशाच्या व्यवस्थेत ह्या गरजेची दखल असावयास हवी.

तात्पर्य, कोणत्याही धोरणास तीन प्रश्न विचारावेत. गिऱ्हाईक नसलेल्या भूभागाची नोंद ते नियमितपणे घेते काय? साधनहीन वापरकर्त्यास रांगेत पुढे सरकण्याची सोय ते करते काय? आणि दहा वर्षांनी येणाऱ्या अभ्यासकास आजची सामग्री आजच्या रूपात सापडेल, ह्याची काळजी ते घेते काय? ह्या सर्वांस खर्च येतो, हे खरे. तथापि उपग्रहाचा मोठा खर्च लोकांच्या पैशातून आधीच झालेला असतो. त्यापुढे ह्या सोयींचा खर्च थोडा आहे. भेदभाव न करणे हा न्यायाचा आरंभ होय. ज्यांनी अद्याप काही मागितलेलेच नाही त्यांच्यासाठीही संग्रह राखून ठेवणे, ही त्याची पूर्तता होय.