पळणारे जेवतात कधी?

डार्थ व्हेडर हा खलनायक वाचावा तर मे महिन्यात आणि तोही शिंदखेड्याला, असं माझं प्रांजळ मत आहे. 'दि एम्पायर स्ट्राइक्स बॅक' ही कादंबरी मी पहिल्यांदा वाचली ती १९८३ सालच्या मेमध्ये, आजोबांच्या ओसरीवर, पाठीखाली ओलं पोतं घालून. बाहेर खानदेशी ऊन असं पडलेलं, की कावळासुद्धा एका सावलीतून दुसऱ्या सावलीत जाताना विचार करायचा. आणि पुस्तकाच्या पहिल्याच पानावर बर्फ! हॉथ नावाचा एक ग्रह, तिथे नजर पोहोचेल तिथपर्यंत नुसता बर्फ, आणि त्या बर्फात लपून बसलेले बंडखोर थंडीने कुडकुडताहेत. त्यांच्याबद्दल मला सहानुभूती वाटायला हवी होती. प्रत्यक्षात हेवा वाटला.

पुस्तक मावसभावाने मुंबईच्या फुटपाथवरून आणलं होतं. त्याला मुखपृष्ठ नव्हतं, त्यामुळे मी काय वाचतोय याची घरात दोन दिवस शंका होती. शेवटी आजोबांनी विचारलंच, "कशाबद्दल आहे?" मी म्हटलं, "स्पेस ऑपेरा." आजोबा जुन्या संगीत नाटकांचे भक्त. ते एकदम सावरून बसले. "पदं किती आहेत?" म्हणाले. पद एकही नाही कळल्यावर त्यांचा पुस्तकावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

त्यांचं फार चुकलं असं नाही. हे नाव मुळात टिंगलीचंच. विल्सन टकर नावाच्या अमेरिकन लेखकाने १९४१ साली ते काढलं. रेडिओवरच्या रडक्या मालिकांना तिकडे 'सोप ऑपेरा' म्हणत, घोड्यांच्या मारामाऱ्यांच्या गोष्टींना 'हॉर्स ऑपेरा'. तेव्हा तेच घोडे काढून अंतराळयानं जुंपली की झाला 'स्पेस ऑपेरा'! पुढे टिंगल विसरली गेली आणि नाव राहिलं. आपल्याकडे टोपणनावाचं आडनाव होतं, तसंच.

मराठीत हा प्रकार फारसा रुजला नाही. आपली विज्ञानकथा पहिल्यापासून अभ्यासू. जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही आपली पहिली कथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' हे टोपणनाव घेऊन. म्हणजे आमच्याकडे लपायचं तर लेखकाने, पात्रांनी नव्हे. पाठलागाची हौस भागवायची तर बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार होता, काळापहाड होता. पण ते पळणार पळणार म्हणजे किती? ही कादंबरी आकाशगंगाभर पळते.

लेखक डोनाल्ड ग्लट. जॉर्ज लुकासच्या चित्रपटावरून लिहिलेली ही कादंबरी १९८० साली निघाली, आणि तीही चित्रपट झळकण्याच्या आधी. म्हणजे लग्नाच्या आधी बारशाची पत्रिका. त्यामुळे गमती झाल्या आहेत. पडद्यावर हिरवा दिसणारा योडा पुस्तकात निळसर आहे. भाषा कामचलाऊ. वाक्यं यानासारखी सुसाट सुटतात, आणि यानासारखीच मध्येच बंद पडतात. पण एक गोष्ट या पुस्तकाला पक्की जमली आहे, ती म्हणजे मागे लागणं.

व्हेडर मागे लागतो म्हणजे काय, तर हजारो यंत्रहेर अंतराळात सोडतो. त्यांतला एक हॉथवर उतरतो आणि पळापळ सुरू होते. हान सोलो, राजकन्या लेया आणि केसाळ च्युबाका ज्या यानातून पळतात त्याचं वेगाचं यंत्र ऐन वेळी बिघडलेलं. (इथे आमच्या तालुक्यातला कुठलाही वाचक मान डोलावतो, त्याने एस.टी.ने प्रवास केलेला असतो.) मग ते उडत्या दगडांच्या गर्दीत घुसतात. एका गुहेत लपतात, तर ती गुहा निघते एका अजस्र किड्याचं पोट! तिथून सुटतात आणि थेट शत्रूच्याच जहाजाच्या पाठीला चिकटून बसतात. मांजर घरभर उंदीर शोधतंय आणि उंदीर मांजराच्या पाठीवर! हा भाग मी आजही एका बैठकीत वाचतो.

इकडे व्हेडरचे अधिकारी. एक ॲडमिरल चुकतो, व्हेडर दूर उभा राहून त्याचा गळा आवळतो आणि त्याच क्षणी शेजारच्या कॅप्टनला बढती देतो. पुढे दुसरा एक कॅप्टन माफी मागायला जातो, त्याचंही तेच. कचेरीत जन्म काढलेल्या आजोबांना एवढा भाग मात्र फार आवडला. "आमच्याकडे आडगावी बदली व्हायची," ते म्हणाले, "पण बढतीचा हुकूम घेताना चेहरा असाच असायचा."

आणि एवढा पाठलाग कशासाठी? खुनासाठी नव्हे. ल्यूक नावाच्या पोराला पकडण्यासाठी. आणि शेवटी कळतं की पोरगा व्हेडरचाच. मी पुस्तक मिटून हसत सुटलो. पेपरात जाहिरात यायची ना, 'बाळ, असशील तिथून निघून ये, कोणी रागावणार नाही, आईने अंथरूण धरले आहे'? हा गृहस्थ ती जाहिरात न देता आरमार घेऊन निघाला, आणि भेट झाल्यावर पोराचा हात तोडला.

आजीला मी ही कथा रोज संध्याकाळी सांगायचो. आजीची भाषा अस्सल अहिराणी, आणि तिचं लक्ष निम्मं तव्यावर. चार दिवस तिने ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी कळण्याची भाकरी उलटता उलटता म्हणाली, "त्या पोरे पयी ऱ्हायनात, पन जेवतस कव्हय?"

पळताहेत ते ठीक, पण जेवतात कधी?

मी हसलो. रात्री पुस्तक पुन्हा चाळायला घेतलं आणि हसू मावळलं. एवढं मोठं अंतराळ, पण पळणाऱ्यांना जेवायला बोलावणारी घरं मोजून दोन. एक योडाचं. दलदलीतली ठेंगणी झोपडी, चुलीवर काहीतरी पाल्याचं कालवण, आणि ल्यूक घाई करतोय की मला गुरू भेटवा. जो वाढतोय तोच गुरू, हे त्याला कळत नाही. दुसरं घर लँडोचं. ढगांवर तरंगणारं शहर, श्रीमंती थाट, हानचा हा जुना मित्र. तो पाहुण्यांना फराळाला चला म्हणतो, दार उघडतो, आणि टेबलापाशी व्हेडर! तो आधीच येऊन बसलेला. आपलं शहर वाचवायला लँडोने मित्र दिला.

माझ्या मते या पुस्तकाची थोरवी आणि खोट दोन्ही इथेच आहेत. बाकी सगळीकडे पळणारा वाचतो तो यानाच्या कसरतीने नाहीतर नशिबाने. इतक्या ग्रहांवर साम्राज्याचं राज्य, पण त्या ग्रहांवरची सामान्य माणसं लेखकाला दिसतच नाहीत. पळणाऱ्याला भाकर बांधून देणारी बाई नाही, 'इथे कोणी आलं नाही' म्हणणारा म्हातारा नाही. फक्त लँडोपाशी येऊन लेखक खरा प्रश्न विचारतो: शिकारी दारात असताना घरमालकाने काय करायचं?

लँडोचं सांगितलं तेव्हा आजोबा सुपारी कातरत होते. हात थांबला. "मग? पुढे काय केलं त्याने?"

"आधी हानला गोठवून दिलं त्यांच्या हाती. मग जीव खाऊ लागला, तेव्हा लेयाला आणि त्या केसाळाला सोडवलं. शहरही गेलं त्याचं."

"उघडलं म्हणायचं," आजोबा म्हणाले. "उशिरा का होईना."

मग बराच वेळ नुसता अडकित्ता वाजत राहिला. आणि ते सांगू लागले.

१४ एप्रिल १९४४. धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना आमच्याच तालुक्यातल्या चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी लुटला. रक्कम साडेपाच लाखांच्या घरातली. साताऱ्याच्या प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, इकडचे डॉ. उत्तमराव पाटील ही त्यातली माणसं. पैसा भूमिगत चळवळीसाठी होता. हे मी शाळेत ऐकलं होतं. आजोबांनी सांगितलं ते शाळेत नव्हतं.

त्या आठवड्यात एका रात्री आमच्या दारावर थाप पडली. हलकी, दोनदा. आजोबा सरकारी कारकून, घरात तीन लेकरं, गावभर पोलिसांची चर्चा. आजी उठून म्हणाली, "कोन शे?" आजोबांनी तिच्या तोंडावर हात ठेवला. तिसरी थाप पडली नाही.

"कोण होतं?" मी विचारलं.

"काय माहीत! चुकलेला पाहुणा असेल. रात्रीच्या गाडीने उतरलेला कोणी असेल. काही खजिनेवालेच होते असं नाही." सुपारीचं खांड त्यांनी तोंडात टाकलं नाही, तसंच हातात धरलं. "पण भुकेलं होतं की नाही, तेही कळलं नाही ना."

आतून आजीने भांडं जरा जोरात आपटलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिचा तो प्रश्न व्हेडरच्या पुस्तकातला नव्हताच. एकोणचाळीस वर्षं जुना होता.

आणि हेही लक्षात आलं, की आजोबांच्या घराला रात्री आतून कडी का नसते. कडी होती, पण लावायची नाही असा दंडक. चोर कधी आला नाही. मात्र एका पावसाळ्यात एक गाढव आत येऊन माजघरात झोपलं होतं, आणि आजीने सकाळी त्याला हाकलण्याआधी पाणी पाजलं, असं सांगतात.

आता आजी-आजोबा नाहीत. मी पुण्यात असतो. इथे शिंदखेडा म्हटलं की समोरचा हटकून विचारतो, "म्हणजे जिजाऊंचं माहेर ना?" ते सिंदखेडराजा, बुलढाणा जिल्ह्यातलं. व्हेडर आमच्या मागे लागला तर त्याचे यंत्रहेर आधी तिकडेच जातील, तेवढाच आम्हाला वेळ मिळेल.

मागच्या उन्हाळ्यात ही कादंबरी पुन्हा काढली. भाषा आणखी सामान्य वाटली, यानांचं वर्णन लांबलचक. शिकारी मात्र तसाच आहे, आणि लँडोचं दार उघडतं तिथे अजून पोटात खड्डा पडतो. ज्यांना नुसता पळ हवा त्यांनी जरूर वाचावी. ज्यांना पळणाऱ्याची भाकर हवी त्यांनी वाचावी आणि मग आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावं.

हे लिहीत असताना रात्री साडेदहाला बेल वाजली. आमच्या दाराला दोन कुलपं, एक साखळी आणि भिंगाचं भोक. मी भोकाला डोळा लावला. पिशवी घेतलेला, घामाघूम झालेला एक पोरगा. दुसऱ्या इमारतीचं जेवण घेऊन चुकून आमच्याकडे आलेला. मी साखळी न काढता फटीतून त्याला रस्ता सांगितला. तो जिना उतरायला लागला आणि मला आजी आठवली.

दोन कुलपं आणि एक साखळी उघडायला वेळ लागतो हो. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत तो खालच्या मजल्यावर पोचला होता. मी वरून हाक मारली. माझं नशीब, तो थांबला.