शब्द वजा केल्यावर गाण्यात काय उरते?



मागच्या वेळी आपण 'अर्थ असतो तरी कुठे?' या प्रश्नापाशी थांबलो होतो. आज तोच प्रश्न एका रेकॉर्डच्या निमित्ताने पुढे न्यायचा आहे. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने संगीतावर बोलावे का, असे कोणी विचारील. आम्हांला एकही वाद्य वाजवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण पन्नासएक वर्षे ऐकतो आहोत. ज्या गावात १८८३ पासून देवल क्लब आहे, जिथे शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना आश्रय दिला, त्या गावात राहून कान अगदीच कोरा राहत नाही.

तर ती रेकॉर्ड. बिल फ्रिझेल हे अमेरिकेतले नावाजलेले गिटारवादक. त्यांनी २०११ साली जॉन लेननची सोळा गाणी वाजवून एक अल्बम काढला. लेनन म्हणजे बीटल्समधला, १९८० च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये ज्याचा खून झाला तो. गाण्यांपैकी काही बीटल्सच्या काळातली, काही नंतरची. अल्बमचे नाव 'ऑल वुई आर सेइंग', म्हणजे 'आमचे म्हणणे एवढेच'. हे शब्द लेननच्याच शांततेवरच्या गाण्यातले. आता गंमत पाहा. नाव 'आमचे म्हणणे', आणि सगळ्या रेकॉर्डवर कोणी एक शब्दही म्हणत नाही! गिटार, व्हायोलिन, स्टील गिटार, बास आणि ड्रम्स, बस्स. ज्याला आदरांजली वाहायची त्याचे शब्दच काढून टाकायचे, ही कसली आदरांजली? आमचा आजचा प्रश्न एवढाच आहे.

आपल्याला हा प्रकार नवा नाही. आमच्या पिढीला गिटार म्हटले की मांडीवर आडवी ठेवून, तारेवर पोलादी दांडी फिरवून वाजवायची हवाईयन गिटार आठवते. व्हॅन शिपले, सुनील गांगुली यांच्या तबकड्या आठवतात. रेडिओवर एखादा कार्यक्रम दोन मिनिटे आधी संपला की ती पोकळी भरायला हेच वाजायचे. त्यामुळे वाद्यावरचे गाणे म्हणजे भरताड, अशी आमची कितीतरी वर्षे समजूत होती. ती चुकीची होती, हे आम्हांला प्रभाकर जोगांनी दाखवले.

जोगांना आपण सगळे 'गाणारे व्हायोलिन' या नावाने ओळखतो. सुधीर फडक्यांना त्यांनी वर्षानुवर्षे साथ केली, गीतरामायणाचे असंख्य कार्यक्रम केले, स्वतः उत्तम चाली दिल्या. २०२१ च्या ऑक्टोबर अखेरीस ते गेले. त्यांचे व्हायोलिन 'गाते' असे लोक म्हणतात तेव्हा नेमके काय म्हणतात? नुसता गोडवा नव्हे. गोड वाजवणारे पुष्कळ आहेत. जोगांचा गज कुठे वळतो ते पाहा. जिथे अक्षर बदलते तिथे गज वळतो किंवा किंचित दबतो. जिथे गायक एकच अक्षर लांबवतो तिथे गज न तुटता सरकत राहतो. ऱ्हस्व अक्षराला ऱ्हस्व सूर, दीर्घाला दीर्घ. जोग चाल वाजवतातच, पण तिच्याबरोबर मराठी उच्चारही वाजवतात. आणि दोन ओळींच्या मध्ये मोकळी जागा सापडली म्हणून तिथे तानांची आतषबाजी करत नाहीत. तो श्वास गायकाचा आहे, तो ते गायकालाच ठेवतात.

गिटारवाल्याची अडचण याहून मोठी. व्हायोलिनचा सूर गज फिरेपर्यंत जिवंत असतो. गिटारची तार छेडली की त्याच क्षणापासून सूर विझू लागतो. म्हणून गिटारवादकाला प्रत्येक ठिकाणी निवड करावी लागते: कोणत्या अक्षरावर आघात करायचा आणि कोणते अक्षर आधीच्या सुराच्या शेपटीवर सोडून द्यायचे. हवाईयन गिटारवर दांडी सरकवून मींड घेता येते, तेवढी सोय. फ्रिझेलने व्हायोलिन आणि स्टील गिटार सोबत घेतली, त्याचे कारण आम्हांला इथे दिसते. आघात आपल्या हातात ठेवायचा आणि लांबणारा सूर त्या दोघांकडे सोपवायचा. विचारपूर्वक केलेली वाटणी आहे ही.

पण इथे एक फरक ध्यानात घ्या, नाहीतर सगळा विचार फसेल. लेनन शब्दही लिहायचा आणि चालही बांधायचा. काही गाण्यांत मॅकार्टनीचा वाटा होता, तो भाग सोडा. शब्द काढले तरी लेनन अर्धा उरतो. आपल्याकडे तसे नाही. आपल्याकडे कवी वेगळा, संगीतकार वेगळा. गीतरामायण घ्या. १ एप्रिल १९५५, रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले. गाणी छप्पन्न. शब्द माडगूळकरांचे, जन्म शेटफळ्याचा. चाली फडक्यांच्या, जन्म आपल्या कोल्हापूरचा. दोघेही १९१९ चे. आता हे व्हायोलिनवर वाजवले की फडके राहिले, माडगूळकर गेले. मग वाद्यावरची आदरांजली फक्त संगीतकाराला असते का? कवीला वाद्यावर आदरांजली वाहताच येणार नाही?

एदुआर्ट हान्सलिक नावाचा व्हिएन्नाचा समीक्षक 'नाही' म्हणाला असता. १८५४ च्या आपल्या पुस्तकात त्याने ग्लुकच्या ऑपेरातले एक विलापगीत घेतले. पत्नी गमावलेला ऑर्फिअस ते गातो. हान्सलिक म्हणतो, याच चालीवर पत्नी परत मिळाल्याचे आनंदाचे शब्द बसवले असते तरी ती तितकीच शोभली असती. म्हणजे दुःख शब्दांत होते, चालीत नव्हतेच. हा युक्तिवाद आम्ही वर्गात तीस वर्षे शिकवला, मुलांना पटवूनही दिला. पण घरी एक प्रसंग घडला आणि तो आम्हांला अपुरा वाटू लागला.

आमचे एक स्नेही हौसेने व्हायोलिन वाजवतात. एका संध्याकाळी त्यांनी घरी येऊन गीतरामायणातले चित्रकूटावरचे गाणे वाजवले. राम भरताची समजूत घालतो, ते. आमच्या पत्नी स्वयंपाकघरात होत्या. मुखडा संपायच्या आत त्यांचे ओठ हलू लागले. दुसऱ्या अंतऱ्याला त्या हातातले काम टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या. आमची नात शेजारी बसली होती. ती वाढली बेंगळुरूला. तिने शेवटी विचारले, "आजोबा, हे झोपवायचं गाणं आहे का?"

आम्ही आधी हसलो, मग नीट विचार केला. तिचे काही चुकले नव्हते. सांत्वन तिला कळले होते. कुणीतरी कुणाला तरी शांत करते आहे, एवढे चालीतून पोचले. म्हणजे हान्सलिकची बाजू पूर्ण खरी नव्हे. पण कोणाला, कशाबद्दल, आणि मुख्य म्हणजे कोणत्या युक्तिवादाने, ते तिच्यापर्यंत आले नाही. ते गाणे मुळात युक्तिवाद आहे हो! जो दोष भरत कैकेयीला देतो तो तिचा नाही, वियोग अटळ आहे, महासागरात वाहत आलेली लाकडे घटकाभर जवळ येतात आणि दुरावतात, हा वाल्मीकींचा दृष्टान्त. अंतऱ्यामागून अंतरा राम एकेक पायरी चढवत नेतो. चाल पुन्हा पुन्हा तिथेच येते, पुढे सरकतो तो विचार. वाद्यावर विचार गेला की पुनरुक्तीला कारणच उरत नाही. म्हणून वादक दोन अंतरे वाजवून थांबतो, आणि ते बरोबरच करतो.

नेमके हेच लेननच्या १९७१ च्या 'इमॅजिन'चे होते. त्या गाण्यात तो एकेक गोष्ट नाकारत जातो: स्वर्ग, देश, धर्म, मालमत्ता. चाल मात्र मऊ, पाळण्यासारखी. शब्द असताना ते गाणे चांगलेच अडचणीचे आहे. शब्द काढा, आणि ते कोणत्याही समारंभात, कोणत्याही हॉटेलात वाजवा. कोणाचे काही बिघडत नाही. आमची फ्रिझेलवरची खरी तक्रार इथे आहे. त्याची सुरावट प्रामाणिक आहे, तो लेननच्या चालीची मोडतोड करत नाही, स्वतःची करामत दाखवायला ती वापरत नाही. पण त्याचा लेनन फार सभ्य झाला आहे. 'मदर' या गाण्याच्या शेवटी लेनन अक्षरशः किंचाळतो. ती किंकाळी गिटारवर येत नाही. दुःख येते, संताप येत नाही. कवीला निरुपद्रवी करून त्याचा गौरव करणे आपल्याला नवीन नाही. आपण संतांच्या बाबतीत हे पिढ्यान्‌पिढ्या केले आहे.

मग असल्या रेकॉर्डी काढूच नयेत का? नाही, तसे आम्ही म्हणत नाही. बंगालचे उदाहरण देतो. काझी नझरुल इस्लाम शब्द आणि चाल दोन्ही स्वतः करणारे कवी. १९४२ साली आजाराने त्यांची वाचा गेली, आणि १९७६ ला मृत्यू येईपर्यंत ती परत आली नाही. त्यांचा धाकटा मुलगा काझी अनिरुद्ध गिटारवादक होता आणि वडिलांची गाणी तो गिटारवर वाजवायचा. बाप बोलू शकत नाही, आणि मुलगा त्याची गाणी शब्दांवाचून वाजवतो आहे! तिथे शब्दांची अनुपस्थिती ही उणीव राहत नाही. ऐकणाऱ्या प्रत्येक बंगाली माणसाला ते शब्द ठाऊक असतात आणि ते कोणी बोलत नाही, हेही ठाऊक असते.

इथे भर्तृहरी मदतीला येतो. वाणीच्या त्याने पायऱ्या सांगितल्या. मुखातून बाहेर पडते ती वैखरी. बाहेर न पडता मनात क्रमाने चालते ती मध्यमा. व्हायोलिन वाजू लागले आणि आमच्या पत्नींचे ओठ हलण्याआधी मनात जे सुरू झाले, ती मध्यमा. जोगांचा गज अक्षराअक्षराला वळतो तो तिलाच हाक मारण्यासाठी. कवी वाद्यात नसतो हे खरे, पण चांगला वादक त्याची जागा रिकामी ठेवतो आणि ती ऐकणाऱ्याने भरायची असते. आमच्या लेखी चांगल्या आदरांजलीची कसोटी हीच: वादकाने ती जागा राखली, की स्वतःच्या तानांनी भरून टाकली? या कसोटीवर जोग पूर्ण उतरतात. फ्रिझेल चालीपुरता उतरतो, तिखटपणात कमी पडतो.

पण या कसोटीत एक धोका आहे, आणि तो वादकाच्या हातात नाही. नातीच्या मनात ते शब्द नव्हतेच. रिकामी जागा तिला रिकामीच दिसली. उद्या ऐकणारे सगळेच तसे झाले, तर जोगांच्या गजाची वळणे कोणाला हाक मारणार? तेव्हा फडके उरतील, माडगूळकर खरोखरच जातील. दोष व्हायोलिनचा नसेल, आपला असेल. त्या रात्री आम्ही नातीला गाण्याचे सगळे अंतरे वाचून दाखवले, भरत कोण, कैकेयीने काय केले, तेही सांगितले. दुसऱ्या दिवशी तिने स्नेह्यांना फोनवर पुन्हा वाजवायला लावले. ऐकून म्हणाली, "आजोबा, हा राम स्वतःलाच समजावतोय ना?" हे आम्हांला सत्तर वर्षांत सुचले नव्हते.

असो. बोलणे पुरे. आता आधी जोगांचे व्हायोलिन ऐकू, मग फ्रिझेल. ऐकताना कोणी गुणगुणले तर आम्ही मुळीच रागावणार नाही. उलट शेजारी कोणी तरुण बसला असेल आणि त्याला शब्द येत नसतील, तर त्याला ऐकू जाईल इतपत मोठ्याने गुणगुणा.